बाल्कनी धरली

"मॅडम, भिंतीवर चटई कशी अंथरायची, तेवढं सांगा."

तात्यांनी हात वर करून हे विचारलं आणि सांगलीतल्या त्या हॉलमधले सगळे एजंट खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात सगळी इस्त्रीच्या शर्टातली, दोन-दोन मोबाईल मिरवणारी मंडळी, आणि आमचे सासरे पायजमा-टोपीत, पहिल्या ओळीत, शाळेत नव्यानं नाव घातल्यासारखे ताठ बसलेले. शेजारी मी, त्यांची सून. हसणाऱ्यांकडं बघावं की तात्यांकडं, तेच कळेना.

देशमाने मॅडम मात्र चिडल्या नाहीत. खडू हातात धरून म्हणाल्या, "आजोबा, परत सांगा बघू."

"तुम्ही म्हणालात, चटई क्षेत्रात आतल्या भिंतींची जागा धरायची. आता चटई क्षेत्र म्हणजे काय? चटई अंथरता येते तेवढी जागा. मग भिंत त्यात कशी आली?"

"कायद्यात तशी व्याख्या आहे म्हणून आली. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाही. बाल्कनी धरायची नाही, गच्ची धरायची नाही."

"बाल्कनीचं बरोबर आहे," तात्या म्हणाले. "बाल्कनीत पाऊस झोपतो, माणूस झोपत नाही. पण भिंतीचं काय मला पटत नाही."

"पटू नका देऊ. परीक्षेत मात्र धरा, नाहीतर मार्क जाईल."

"धरतो की. तुमच्या भिंती धरतो."

परत हशा पिकला, पण आता त्यात टिंगल कमी होती. तात्या स्वतःही हसत होते. मी पदराआडून त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी लक्षच दिलं नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. जयसिंगपुरात आठव्या गल्लीच्या तोंडाला 'मगदूम इस्टेट एजन्सी' आहे, ती तेव्हा तात्यांच्या, म्हणजे भूपाल मगदूमांच्या नावावर होती. आज पाटीवर माझं नाव आहे, त्रिशला मगदूम. आमचे हे पुण्याला असतात आणि दिवाळीला येतात. असं का झालं म्हणून लोक आडून आडून विचारतात. मी चहा पाजते आणि विषय बदलते. पण खरं सांगायचं तर सगळं त्या क्लासपासून सुरू झालं.

घरं विकणाऱ्या एजंटाला रेराचं, म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, लायसन्स लागतं आणि ते ठरावीक वर्षांनी पुढं चालू करून घ्यावं लागतं. त्या खेपेला नवीन फर्मान निघालं होतं. आधी क्लासला बसायचं, मग संगणकावर परीक्षा द्यायची, पास झालात तरच लायसन्स पुढं चालू. गावातल्या निम्म्या एजंटांच्या तोंडचं पाणी पळालं. तात्या मात्र खूश. "शिकायला काय झालं? घाला माझं नाव," म्हणाले. आणि मग चष्मा काढून, काच पुसत, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "हिचंही नाव घाला. सोबत होईल." मला वाटलं, म्हातारा माणूस, स्कूटरवर मागं बसून जायला कुणीतरी पाहिजे.

आता चटईचं सांगते. तात्यांची एक हिरव्या काठाची साधी चटई होती. धंदा सुरू केला तेव्हा सायकलच्या कॅरिअरला, नंतर लुनाला आणि शेवटी माझ्या स्कूटरच्या हुकाला ती गुंडाळून लटकवलेली असायची. गिऱ्हाईक घर बघायला आलं की हे खोलीत चटई अंथरायचे आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईला म्हणायचे, "आक्का, जरा आडव्या होऊन बघा." त्या बाया लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या, पण झोपायच्या. "पाय भिंतीला लागत नाहीत ना? मग ठीक आहे. घर झोपून बघायचं असतं, उभ्यानं सगळंच मोठं दिसतं." गावातले बाकीचे एजंट त्यांना 'चटईवाले' म्हणून चिडवायचे. पण मुलीच्या सासरचं घर असो की निवृत्त झालेल्या मास्तरांचं, शेवटी लोक चटईवाल्याकडंच यायचे.

तात्यांनी कमावलेलं हे नाव शीतलना पाहिजे होतं.

शीतल म्हणजे माझे मिस्टर. आमच्याकडं जैनांत पुरुषांची असली नावं असतात. नाव शीतल, पण थंड बसणं ह्या माणसाला कधी ठाऊकच नव्हतं. आधी मोबाईलचं दुकान काढलं, ते बुडालं. मग पोल्ट्रीच्या खाद्याची एजन्सी घेतली, तीही गेली. शेवटी पडेल चेहऱ्यानं तात्यांच्या दुकानात येऊन बसायला लागले. मी त्यांचं ते बसणं बघितलंय. गिऱ्हाईक आलं की उठून आत जायचे, पाणी आणायच्या निमित्तानं.

आणि मग तेरवाडे आले. बाहेरगावचा बिल्डर, शिरोळ रस्त्याला मोठी बिल्डिंग उभी करत होता. गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून त्याला गावातलं नाव हवं होतं. सगळी बिल्डिंग विकायचं काम तो शीतलना द्यायला तयार होता, अट एकच. रस्त्यावरच्या फलकावर खाली 'मगदूम इस्टेट' आणि तात्यांचा लायसन्स नंबर पाहिजे. शीतलनी शब्द देऊन टाकला. त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. लग्नानंतर मी ती शीळ ऐकलीच नव्हती.

"आता फक्त तात्या पास झाले पाहिजेत," मला म्हणाले. "ते काम तुझं."

"त्यांना विचारलंत का? बिल्डिंग बघितलीय का त्यांनी?"

"बघतील की! बाप आहे माझा, नाही म्हणतोय होय?"

नाही म्हणणार नव्हतेच. मला ते माहीत होतं, शीतलनाही माहीत होतं. मागं एकदाच तात्या 'नाही' म्हणाले होते. मोबाईलच्या दुकानाला जागा पाहिजे म्हणून शीतलनी घरामागचा प्लॉट मागितला, तात्यांनी साफ 'नाही' म्हटलं, आणि हे रागानं घर सोडून मला घेऊन इचलकरंजीला गेले. तिथं असतानाच सासूबाई आजारी पडल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. शेवटपर्यंत "शीतल आला का?" विचारत होत्या, असं शेजारणीनं सांगितलं. तेव्हापासून तात्यांनी पोराला 'नाही' हा शब्द कधी म्हटला नाही. प्लॉटही विकून दिला.

तर मी तात्यांना शिकवायला घेतलं. दुकानात एक जुना संगणक होता. माऊस म्हटल्यावर तात्यांनी आधी त्याला उलटा करून पोट बघितलं. मग असा काही करकचून धरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"तात्या, उंदराला धरायचं, मारायचं नाही."

"जैनाला सांगतेस होय हे?" म्हणाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आठवडाभरात त्यांचा हात बसला. पाठांतर तर विचारू नका. कलमं, मुदती, एजंटानं गिऱ्हाइकाला काय सांगायचं बंधन आहे, खोटी जाहिरात केली तर काय, सगळं तोंडपाठ. क्लासातही मंडळी आता त्यांना 'तात्या' म्हणायला लागली होती. क्लास संध्याकाळपर्यंत लांबायचा. तात्या सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. म्हणून ऊन उतरलं की ते मॅडमना नमस्कार करून मागं जायचे, चटई अंथरायचे, डबा उघडायचे आणि जेवता जेवता तिथूनच उत्तरं द्यायचे. मॅडमनी घेतलेल्या सराव परीक्षेत तात्या सगळ्या वर्गात दुसरे आले. मी पाचवी का सहावी होते.

"झालं काम!" शीतल म्हणाले. त्याच रविवारी ते आम्हा दोघांना बिल्डिंग दाखवायला घेऊन गेले.

सँपल फ्लॅट झकास होता. गुळगुळीत फरशी, भिंतीत दिवे, बाहेरच्या खोलीत हा एवढा आरसा. मी तर हरखूनच गेले. तात्या चटई काखेत घेऊन मागून येत होते. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं आणि मुलांच्या खोलीत थांबले. तिथं एक खाट होती. त्यांनी ती हातानं मोजली आणि हसले.

"शीतल, ही खाट कुणासाठी? बारक्या पोरासाठी?"

"सँपलची आहे, तात्या. अशीच करून घेतात. खोली मोठी दिसते."

तात्यांनी खाट बाजूला सरकवली. चटई अंथरली, टोपी काढून छातीवर ठेवली आणि आडवे झाले. बराच वेळ वर बघत होते. मला वाटलं, कंबर दुखतेय.

"शीतल, ह्या खोलीला बाल्कनी होती ना? मंजूर नकाशात बघितली होती मी."

"आत घेतली की. भिंत काढली, खिडकी पुढं नेली. खोली केवढी झाली बघा!"

"मोजली कशात?"

शीतल खिडकीशी गेले. "चटईतच मोजलीय. आता सगळेच तसं करतात, तात्या. लोकांनाही मोठी खोलीच पाहिजे."

 आता हे उठतील आणि आभाळ कोसळेल. ज्या माणसानं जन्मभर चटई अंथरून घरं मोजली, तो आता काय म्हणेल?

तात्या उठले. टोपी घातली, चटई गुंडाळली.

"फरशी चांगली आहे," म्हणाले.

एवढंच. शीतलचा चेहरा एकदम उजळला. जाताना त्यांनी तात्यांना हाताला धरून जिना उतरवला. घरी येईपर्यंत बापलेक पावसापाण्याचं बोलत होते आणि मी मागच्या सीटवर चटई मांडीवर घेऊन गप्प बसले होते. मला तात्यांचा राग आला होता. खरं सांगते, मनातून उतरले ते माझ्या त्या दिवशी.

परीक्षा सांगलीलाच होती. तात्यांचा संगणक माझ्यापासून तिसरा. मी मधेच डोकावून बघितलं, तर हे शांतपणे, एकेक ओळ बोटाखाली धरून वाचत होते. मी एकेक प्रश्न दोन-दोनदा वाचत होते आणि हे देवळात बसल्यासारखे बसलेले. माझ्या आधी उठून बाहेर गेले.

येताना अंकलीच्या पुलाअलीकडं रसवंतीत थांबलो. मी हुश्श केलं होतं, पेपर सोपा होता.

"चटईचा प्रश्न आला होता ना, तात्या? मला तर हसूच फुटलं. तुमच्यासाठीच घातला होता जणू."

"आला की."

"मग? भिंती धरल्यात ना? मॅडमच्या भिंती?"

"भिंती धरल्या." तात्यांनी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "बाल्कनी पण धरली."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "काहीतरीच!"

"बाल्कनी धरली, गच्ची धरली. एजंटानं गिऱ्हाइकाला काही सांगायची गरज नाही म्हणून लिहिलं. सगळंच तसं लिहून आलो."

घाण्यात ऊस घालणारा माणूस आमच्याकडं बघत होता. मी ग्लास खाली ठेवला. "तात्या, तुम्हाला सगळं येत होतं."

"वय झालं गं. गोंधळ होतो."

"माझ्याकडं बघून सांगा."

त्यांनी बघितलं नाही. रस संपवला, पायजम्याला हात पुसले आणि स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले. मी स्कूटर सुरू केली. शीतलना काय सांगायचं, वाटभर हाच विचार डोक्यात होता. आणि खरं म्हणजे कुठंतरी बरंही वाटत होतं, की तात्या माझ्या मनातून उगीच उतरले होते. लायसन्स गेलं की फलकावर नंबर लागणार नाही, नंबर लागला नाही की कुणाला फसवल्याचं पाप नाही. सुटलो, असं मला वाटलं. केवढी मी खुळी.

निकाल लागला तो शीतलनी दुकानात बसून मोबाईलवर बघितला. आधी माझा बघितला. पास. मग तात्यांचा बघितला, आणि परत बघितला.

"काय शिकवलंस तू ह्यांना? काय शिकवलंस?"

"अहो, वय झालंय त्यांचं..."

"वर्गात दुसरे आले होते! तेरवाड्याला काय तोंड दाखवू मी?"

तात्या बाकड्यावर बसले होते. "परत बसता येतं म्हणतात परीक्षेला," शीतल त्यांच्याकडं वळून म्हणाले. आवाज एकदम मऊ केला. "तात्या, परत बसूया. काय?"

"नको रे बाबा," तात्या म्हणाले. "डोळे राहिले नाहीत आता. पुरे झालं."

शीतल डोकं धरून बसले.  मग त्यांनी हळूच मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरले नाही.

"पण तू पास आहेस की," म्हणाले. "तुझं लायसन्स काढू! तूही मगदूमच. फलकावर 'मगदूम इस्टेट' लागलं म्हणजे झालं. नंबर कुणाचा, कोण बघतोय?"

 मी तात्यांकडं बघितलं. तात्या चटईची सुटलेली काडी आत खुपसत बसले होते. अगदी मन लावून. 'हिचंही नाव घाला' हे त्यांचं बोलणं मला तेव्हा आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

शीतल गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "बरं केलंत, तात्या! तुम्ही नापास होऊन मोकळे झालात. आता माझं काय?"

ते चटईची काडी खुपसत राहिले.

"बाप म्हणून तुम्हाला नाही म्हणवत नाही, आणि बायकोनं म्हणायचं? माझा संसार नाही? इतक्या वर्षांनी तो माणूस शीळ घालायला लागलाय घरात!"

 मी भांड्यांची आदळआपट केली, जेवायला वाढलं, ते खाली मान घालून जेवले.

लायसन्स आलं. फलक छापायला गेला. मधल्या काळात मी शीतलना एकदा नाही, अनेकदा सांगून बघितलं. आधी लाडीगोडीनं, मग रडून. "निदान बाल्कनी वेगळी लिहायला सांगा तेरवाड्यांना." ते म्हणायचे, "तू फक्त उभी राहा, बोलायचं काम माझं." एका सकाळी दाढी करता करता, आरशात बघतच म्हणाले, "हेही बुडालं ना, तर मी ह्या गावात राहायचा नाही, त्रिशला. कुणाला तोंड दाखवणार नाही." ते धमकी देत नव्हते. हनुवटीवर कापलं होतं, ते त्यांना कळलंही नव्हतं. माझा धीरच संपला. नवऱ्यासाठी एवढं करू, मी मनाशी म्हटलं. एकदाच. लोक काय डोळे मिटून घर घेतात होय?

सँपल फ्लॅट लोकांना खुला केला त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. स्कूटरजवळ गेले तर हुकाला चटई. मी अडकवली नव्हती, शीतलनी तर हातच लावला नसता. काढून ओट्यावर टाकणार होते, पण उशीर होत होता. तशीच गेले.

पहिलं गिऱ्हाईक कुरुंदवाडचे एक मास्तर, त्यांची बायको आणि म्हातारी आई. शीतल त्यांना हॉल दाखवत होते. काय सुरेख बोलत होते! मी कौतुकानं बघतच राहिले. हाच माणूस दुकानातून उठून पाणी आणायला पळायचा, असं सांगून कुणाला पटलं नसतं. म्हातारी मात्र पाय ओढत ओढत सरळ मुलांच्या खोलीत आली आणि त्या बुटक्या खाटेवर टेकली. मी तिच्यामागं गेले.

"माझी खोली म्हंत्यात ही," ती म्हणाली. "का गं बाई, ही खाट अशी का?"

"सँपलची आहे, आज्जी."

"झोपली तर पाय भाईर पडत्याल. जरा पाठ टेकू वाटतीया बघ. जिनं लई हाईत."

मी खाली जाऊन चटई घेऊन आले. शप्पथ घेऊन सांगते, त्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. म्हातारीला पाठ टेकायची होती आणि चटई खाली स्कूटरला होती. मी खाट सरकवली, चटई अंथरली, आज्जी हुश्श करून आडवी झाली आणि वर बघायला लागली. तात्या बघत होते तशीच.

"अगं बाई! हे वर आडवं काय आलंय? माझ्या गुडघ्यावर?"

मी वाकून तिच्या शेजारी बसले आणि वर बघितलं. छताला एक जाड तुळई खोलीभर आडवी गेली होती, बरोबर म्हातारीच्या गुडघ्यांवरून. उभं असताना ती नजरेला येत नव्हती, दिव्यांची रांग लावून झाकली होती. झोपलं की नेमकी दिसत होती.

"काय गं? पडायचं न्हाई न्हवं?"

"नाही आज्जी."  हॉलमधून शीतलचं बोलणं ऐकू येत होतं. मास्तर हसत होते. "तिथं भिंत होती."

"होती म्हंजे?"

"घर तिथं संपतं. तुमचे पाय बाल्कनीत आहेत."

म्हातारी झोपल्या झोपल्याच ओरडली, "अरं ए, हिकडं ये! माझं पाय बाल्कनीत हाईत म्हंती ही!"

मास्तर आले. मागून शीतल आले. मास्तरांनी हातातली जाहिरात उघडली, आधी तिच्यात बघितलं, मग वर तुळईकडं. "पण ताई, ह्यात तर सगळं चटई क्षेत्र लिहिलंय."

शीतल माझ्याकडं बघत होते. डोळ्यांनी नको, नको म्हणत होते. लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्याच्या कडेवरून मला हळूच बघणारे तेच डोळे. मला ते सोसवेना, म्हणून मी मास्तरांकडं बघितलं.

"ह्यात बाल्कनी धरली आहे," मी म्हटलं.

मास्तरांनी जाहिरातीची घडी घातली, आईला हात देऊन उठवलं आणि तिघंही निघून गेले. जाताना म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चटई गुंडाळत होते तेव्हा शीतल दारात उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तात्यांनी सांगितलं होतं तुला?"

"नाही."

"मग?"

मी चटई काखेत मारली. ते थांबले नाहीत. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग गाडी सुरू झाली.

मी तिथंच जिन्यावर बसून राहिले. घरी जायचा धीर होईना. खालचा वॉचमन कुलूप लावायला आला तेव्हा उठले. आठव्या गल्लीत शिरले तोवर दिवस बुडाला होता, देवळातली आरती सुरू झाली होती.

तात्या दारातच बसले होते. आत स्वयंपाकघरात बघितलं तर सकाळी मी झाकून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं.

"तात्या, जेवला नाहीत?"

"नाही."

"अहो, दिवस मावळला की!"

"मावळला."

"मग कशाला थांबलात?"

"तू यायची होतीस."

त्यांनी माझ्या काखेतली चटई घेतली, उलगडली, तिच्यावर अडकलेला एक लांब पांढरा केस उचलून बघितला.

"कोण झोपलं होतं?"

"एक आज्जी होती. पाय बाहेर आले तिचे."

तात्यांनी मान हलवली. तो केस बोटाला गुंडाळला. मग बोलले ते माझ्याकडं न बघता.

"त्या दिवशी संगणकावर बरोबर उत्तर समोर दिसत होतं. उंदीरपण नीट धरला होता. म्हटलं, हे दाबलं की पास, आणि पास झालं की पोराला तोंडावर नाही म्हणावं लागणार. एकदा म्हटलं होतं, तर त्याची आई त्याला न बघता गेली. मला नाही जमलं गं. भ्यालो मी. आणि ते सगळं तुझ्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो."

त्यांच्यावर ओरडायचं म्हणून मी वाटेत किती बोलणी जुळवत आले होते. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"हे गेलेत," मी म्हटलं. "गाडी घेऊन गेलेत. कुठं ते सांगितलं नाही."

"येईल की."

"आणि नाही आले तर?"

तात्यांनी गल्लीच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे ओठ सुकले होते. मी सवयीनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्यापुढं धरला आणि मग आठवलं. तसाच परत नेऊन ठेवला. मलाही प्यावंसं वाटेना. बाहेर येऊन चटई उंबऱ्याच्या आत अंथरली, आणि आम्ही दोघं तिच्यावर बसून गल्लीत वळणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत राहिलो.